पश्तेल द नाता : एक प्रॅक्टिकल

आमच्या बी विंगमध्ये जिमला जाणारे सहा जण आहेत. रोज सकाळी ही मंडळी गेटबाहेरच्या भुर्जीच्या गाडीवर नुसत्या पांढऱ्याचं ऑम्लेट खातात. एकदा गाडीवाले काका पिवळ्या बलकांनी भरलेला ग्लास माझ्यासमोर धरून म्हणाले, "इंजिनियर ना तुम्ही? मग सांगा, याचं काय करू?"

हाच प्रश्न पोर्तुगालमधल्या मठांनाही पडला होता म्हणे. तिथे अंड्याचं पांढरं कपड्यांना खळ करायला वापरायचे, आणि उरलेल्या बलकांचे गोड पदार्थ व्हायचे असं सांगतात. लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमोस मठ आहे. वास्को द गामाची कबर आहे, तोच. १८३४ साली पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि त्या मठातली पाककृती शेजारच्या दुकानात आली. १८३७ पासून तिथे हे छोटे कस्टर्ड टार्ट विकले जातात. त्या दुकानाची कृती आजही गुप्त आहे. तिथल्या टार्टना 'पश्तेइश द बेलें' म्हणतात, बाकी सगळीकडे 'पश्तेल द नाता'. नाता म्हणजे साय. (पोर्तुगीज आपल्याला परकी वाटते, पण पाव, बटाटा, पगार आणि वर्कशॉपमधलं घमेलं तिकडूनच आलंय.)

माझा मावसभाऊ दोन वर्षं लिस्बनला होता. येताना त्याने सहा टार्ट आणले. प्रवासात ते पार मऊ पडले. "हे ते नव्हेच. गरम खायला हवेत," दादा म्हणाला. मी म्हटलं, मग इथेच करू.

ओव्हन दादाचाच, साधा ओटीजी, १५०० वॉटचा. खोलीतल्या ५ अँपिअरच्या प्लगवर तो चालणार नाही (१५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर). कॉमन रूमचा पॉवर प्लग हवा, आणि त्यासाठी रेक्टर सरांची परवानगी. रेक्टर सर आम्हाला हीट ट्रान्सफर शिकवतात, आणि हीट ट्रान्सफर ही माझी राहिलेली केटी. सर म्हणाले, "कर. पण जर्नल लिहायचं. आणि ओरल मी घेणार."

तर हे ते जर्नल.

आधी पारी. २०० ग्रॅम मैदा, साधारण १३० मिली पाणी, मऊ पीठ. अर्धा तास झाकून ठेवायचं. मग चौकोनी लाटून त्यावर १६० ग्रॅम मऊ लोणी तीन वेळा विभागून लावायचं. लोणी लावा, घडी घाला, लाटा. पुन्हा लोणी, घडी, लाटणं. तिसऱ्यांदा लोणी लावल्यावर घडी न घालता घट्ट गुंडाळी करायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. (बाजारचं लोणी खारं असतं, पिठात वेगळं मीठ नको.) हे वाचून कुणाला चिरोटे आठवले असतील तर बरोबर आठवले. साटा लावून गुंडाळी, गुंडाळीचे तुकडे, तुकडा उभा ठेवून दाबणं, तत्त्व तेच. पिठातल्या पाण्याची वाफ होते, पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते आणि लोण्याने वेगळे ठेवलेले पदर उचलते. फरक एवढाच की चिरोटा तेलातुपात तळतात. तळणीची उष्णता ओव्हनच्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने आत जाते, म्हणून तो दोन-तीन मिनिटांत फुलतो. इथे ते काम हवेकडून करून घ्यायचं आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी हा उद्योग करू नका. आम्ही रात्री अकराला केला.

गुंडाळीचे बारा तुकडे करायचे. तुकडा कापलेली बाजू वर ठेवून वाटीत ठेवायचा आणि ओल्या अंगठ्याने मधून बाहेर दाबत काठापर्यंत न्यायचा. तळ पातळ, काठ जरा जाड.

आता कस्टर्ड, आणि त्यातलं लिंबू. इथे मी पहिली माती खाल्ली. 'लिंबाचं फिलिंग' म्हणजे लिंबाचा रस, असं समजून गरम दुधात दोन चमचे रस घातला. काय झालं ते मेसमध्ये पनीर खाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. दुधातलं केसिन पीएच ४.६ च्या आसपास खाली बसतं आणि लिंबाचा रस दोन-अडीचच्या घरात असतो. पोर्तुगीज लोक रस घालतच नाहीत, ते साल घालतात. वास असतो सालीच्या रंगीत थरातल्या तेलात. ते तेल मुख्यतः लिमोनीन. ते स्निग्ध पदार्थांत विरघळतं, म्हणून दूध आणि बलक त्याला धरून ठेवतात. त्याखालचा पांढरा थर कडू, तो येऊ द्यायचा नाही. आपल्या कागदी लिंबाची साल इतकी पातळ की किसताना पांढरं येतंच. जाड सालीचं ईडलिंबू मिळालं तर उत्तम. मी शेवटी एका संत्र्याची साल सुरीने पातळ काढली आणि एका लिंबाची जपून किसली.

प्रमाण असं : २५० मिली दुधातलं थोडं बाजूला काढून त्यात २५ ग्रॅम मैदा कालवायचा. उरलेलं दूध सालीबरोबर आणि दालचिनीच्या तुकड्याबरोबर गरम करून दहा मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं, मैदा मिसळून दाट होईपर्यंत शिजवायचं. दुसऱ्या भांड्यात १८० ग्रॅम साखर आणि ९० मिली पाणी उकळून पाक करायचा, साधारण १०५ अंशांचा. तो धारेने दुधात घालायचा. कोमट झाल्यावर पाच बलक फेटून घालायचे आणि पुन्हा गाळायचं.

मैदा कशाला, असं मला वाटलं होतं. नुसत्या दूध-अंड्याचं कस्टर्ड ८५ अंशांच्या आसपास फाटायला लागतं, आणि पारीला मात्र दोनशेच्या वरची आच हवी. एकाच वाटीत दोन विरुद्ध मागण्या. मैद्यातला स्टार्च फुगून प्रोटीनच्या धाग्यांमध्ये बसतो, साखरही त्यांना लवकर आवळू देत नाही. त्यामुळे हे कस्टर्ड उकळलं तरी टिकतं.

वाट्या पाऊण भरल्या, २५० अंश, वीस मिनिटं. वरून टार्ट सुरेख दिसले. सुरी घातली तर तळाला कच्चं पीठ. दुसरी बॅच पंचवीस मिनिटं ठेवली : वर कोळसा, तळ कच्चाच. बारा जण ताटल्या घेऊन उभे होते, त्यांनी कस्टर्ड चमच्याने खाल्लं आणि झोपायला गेले. मला फार वाईट वाटलं, कारण लोणी उधारीचं होतं.

सकाळी सरांना कारण सांगितलं : "स्टीलच्या वाट्या होत्या सर. स्टील बॅड कंडक्टर. ॲल्युमिनियम हवं होतं."

"स्टीलचा के किती?"

"पंधरा."

"वाटीची जाडी?"

"अर्धा मिलिमीटर."

"मग काढ रेझिस्टन्स."

०.०००५ भागिले १५, म्हणजे ०.००००३३. मग सर म्हणाले, ओव्हनची हवा आणि रेडिएशन मिळून एच २० धर. एक भागिले २०, म्हणजे ०.०५. जवळजवळ दीड हजार पट! वाटी चांदीची असती तरी तळ कच्चाच राहिला असता. हे सूत्र मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा नापास झालो होतो. उष्णता अडत होती वाटीच्या बाहेर, आणि मी दोष देत होतो वाटीला. खालच्या रॉडचं रेडिएशन मधला ट्रे अडवत होता, आणि तो ट्रे मी गारच आत सरकवला होता.

उपाय मेसच्या मावशींकडे मिळाला. बिडाचा जाड तवा, जवळपास दोन किलोचा, बिनदांड्याचा. तो खालच्या जाळीवर ठेवून अर्धा तास २५० वर तापवला आणि वाट्या थेट त्यावर ठेवल्या. हवेची वाट न बघता तळाला सरळ स्पर्शाने उष्णता मिळाली. वाटीचा तळ सपाट बघून घ्या; खाली कडी असलेली वाटी तव्याला नुसती कडीवर टेकते. पंधरा मिनिटांनी नुसता वरचा रॉड चालू ठेवून तीन मिनिटं. कस्टर्डच्या पृष्ठभागावरचं पाणी उडाल्यावरच तिथलं तापमान शंभराच्या वर जातं, आणि मग साखर जळून ते काळे डाग पडतात. डाग पडायलाच हवेत. घाबरून आधी बाहेर काढू नका.

या वेळी तळावर टिचकी मारली तर आवाज आला. सरांनी दोन खाल्ले, जर्नलवर सही केली आणि म्हणाले, "आता हाच प्रश्न पेपरात आला तर?" केटीचा पेपर मे महिन्यात आहे.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा, आतलं कस्टर्ड जीभ भाजतं. वरून दालचिनीची पूड भुरभुरा. तीन-चार तासांत पारी मऊ पडते, पण आमच्या विंगमध्ये ते तपासता आलं नाही. बलक अर्थात गाडीवाल्या काकांकडून सकाळी ताजे आणले होते, फुकट. त्यांच्यासाठी दोन टार्ट वेगळे काढून ठेवले होते. ते जिमवाल्यांनी खाल्ले.