विक्रोळीच्या खारफुटीचा धडा

इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. याच उद्योगाचा दुसरा धडा कारखान्याच्या पूर्वेस, ठाणे खाडीच्या काठी आहे. तेथील आपल्या जमिनीवरचे खारफुटीचे जंगल उद्योगाने भराव घालून संपवले नाही, जतन केले.

खारफुटीची मुळे गाळ धरून ठेवतात, भरतीचा जोर मोडतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. भराव घातला, तर जमिनीचे पैसे एकदाच मिळतात. मुळांचे हे काम मात्र कायमचे थांबते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीची वाट भराव आणि अतिक्रमणांनी आधीच अडवली होती. गोदामे बुडाली, दुकाने बुडाली आणि सखल वस्त्यांतील, हातावर पोट असणाऱ्यांचे संसार वाहून गेले. भरावाचा लाभ एकाने घेतला, किंमत दुसऱ्याने मोजली.

म्हणून शाश्वत व्यवसाय म्हणजे चोख हिशेब, असे आम्ही मानतो. पाणी, जमीन, कचरा आणि कामगाराचे आरोग्य यांची नोंद ज्या खतावणीत नाही, तिच्यातील नफा अपुरा मोजलेला असतो. आपले अनेक माजी विद्यार्थी आज स्वतःचा व्यवसाय करतात. वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना त्यांनी स्वतःस एवढेच विचारावे : आपल्या खर्चाचा कोणता भाग दुसरे कोणी भरत आहे?