टीएसएचचा आकडा आणि सकाळची गोळी

चि. सायली,

थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये ज्या आकड्याकडे सगळ्यात आधी लक्ष जाते तो टीएसएच हा मुळात थायरॉइडचा संप्रेरक नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावतो. थायरॉइड कमी पडू लागली की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते. थायरॉइडचे काम गरजेपेक्षा वाढले की टीएसएच खाली येतो. म्हणजे आकडा वर गेला की ग्रंथी मंदावली आहे असे समजायचे. "थायरॉइड वाढलंय, मग गोळी कशाला?" हा प्रश्न म्हणूनच उलटा आहे. रविवारी आईचा फोन आला त्यावरून कळले ते असे, की आठवा आठवडा चालू असलेल्या आणि टीएसएच 8.6 आलेल्या एका मुलीने "पोटात बाळ असताना औषधं नकोत" या शेजारच्या काकूंच्या सल्ल्यावर सकाळची गोळी बंद केली आहे. हे पत्र त्या फोनमुळे आहे. पुढे आकडे पुष्कळ येतील, पण काळजी त्या एका गोळीचीच आहे.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन तयार करते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून रिपोर्टात त्याला टी-फोर म्हणतात. यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत त्यातला एक अणू काढला जातो आणि टी-थ्री तयार होतो. पेशींवर खरा अंमल त्याचाच. एडवर्ड केंडॉल यांनी 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिनचे स्फटिक प्रथम वेगळे काढले. आज बाटलीतून मिळणाऱ्या गोळीत असते ते हेच टी-फोर, कारखान्यात बनवलेले, पण रेणू तंतोतंत तोच. शरीराला जे कमी पडते तेवढेच ती भरून काढते. तिला डोकेदुखीच्या किंवा सर्दीच्या गोळ्यांच्या पंगतीला बसवणे हे अडाणीपणाचे आहे, आणि शिकलेल्या मुलीने ते करावे याचा राग येतो.

राग येण्याचे कारण पुढचे आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते, आणि तिच्यातून पुरेसा संप्रेरक मिळायला अठरा ते वीस आठवडे उजाडतात. तोपर्यंत मेंदूच्या घडणीसाठी लागणारे थायरॉक्सिन बाळाला आईच्याच रक्तातून मिळते. ज्या आईची ग्रंथी आधीच मंद आहे, तिच्या बाबतीत ते गोळीतून येते. बाळासाठी म्हणून गोळी सोडायची, तर बाळाच्याच वाट्याचे सोडले जाते.

रिपोर्टातला दुसरा आकडा बहुधा फ्री टी-फोर असतो. रक्तातले 99 टक्क्यांहून जास्त थायरॉक्सिन प्रथिनांना चिकटलेले असते. उरलेले अगदी थोडे मोकळे फिरते आणि तेच पेशींत शिरू शकते. गरोदरपणात ही प्रथिने वाढतात, त्यामुळे एकूण टी-फोर सुमारे दीडपट दिसतो आणि सगळे उत्तम चालले आहे असा भास होतो. टोटल टी-थ्री, टोटल टी-फोर आणि टीएसएच असे जुन्या पद्धतीचे पॅकेज गरोदर बाईच्या हातात पडले की हा घोळ हमखास होतो.

टीएसएचवर डॉक्टरांचा भर असतो तो त्याच्या हळवेपणामुळे. फ्री टी-फोर निम्म्याने घटला तर टीएसएच जवळपास शंभरपट वाढू शकतो. म्हणून फ्री टी-फोर अजून रेंजमध्ये असतानाच टीएसएच आधी ओरडतो. मोठ्या माणसांसाठी लॅब साधारण 0.4 ते 4.5 अशी रेंज छापते, आणि त्याबाहेरच्या आकड्यापुढे 'एच' किंवा 'एल' उमटते. ही ठळक छपाई गरोदर बाईसाठी मात्र पुरेशी नाही. दिवस राहिल्यावर वाढणारे एचसीजी, म्हणजे घरच्या किटवर दोन रेघा आणणारे तेच द्रव्य, टीएसएचसारखेच थायरॉइडला थोडे हाकते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच एरवीपेक्षा खालीच असायला हवा. पुष्कळ लॅब रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात तिमाहीप्रमाणे वेगळी रेंज देतात. आपल्यासाठीची ओळ तीच. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने 2017 मध्ये सांगितलेले धोरण असे, की गोळी चालू असलेल्या गरोदर स्त्रीचा टीएसएच शक्यतो 2.5 च्या खाली ठेवावा.

त्या मानाने 8.6 जास्तच आहे, पण तो गूढ नाही. गर्भारपणात थायरॉक्सिनची गरज साधारण 25 ते 50 टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासूनच सुरू होते. निरोगी ग्रंथी ती वाढ स्वतः भागवते. मंद ग्रंथीला ते जमत नाही, आणि कालपर्यंत पुरणारी गोळी अपुरी पडते. म्हणजे 8.6 या आकड्याचा अर्थ 'गोळी वाढवण्याची वेळ आली' असा होता. किती वाढवायची हे डॉक्टर ठरवतील. शेजारच्या काकूंनी ठरवायचे नाही आणि दूर बसलेल्या मावशीनेही नाही.

या घराला थायरॉइड नवी नाही. अक्कांना मे महिन्यातही स्वेटर लागायचा, आवाज घोगरा झाला होता, भांडी घासता घासता त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि सगळे त्यांना 'सुस्त' म्हणून हसायचे. त्या हसण्यात बी.एस्सी. शिकणारी ही मावशीही होती. परीक्षेत थायरॉइडवरच्या प्रश्नाला पूर्ण गुण आणि घरातल्या माणसावर नजर नाही! अक्कांची तपासणी झाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. गोळी सुरू झाल्यावर त्या दिवाळीला पहाटे उठून चकल्या तळायला बसल्या, तेव्हा आधीची किती वर्षे वाया गेली याचा हिशेब कोणीच काढला नाही.

रक्त देण्याच्या बाबतीत थोडेच सांगायचे. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी आणि त्याच लॅबमध्ये जावे. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. आधी घेतली तर फ्री टी-फोर तात्पुरता चढलेला दिसतो. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असते. ते काही यंत्रांना फसवते आणि टीएसएच खोटाच कमी दाखवते. अशी गोळी चालू असेल तर लॅबला सांगावे आणि डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी ती थांबवावी. थांबवायची ती बायोटिनची, थायरॉक्सिनची नव्हे.

गोळी घेण्याची रीत आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात. त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. पुष्कळ घरांत सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून एकदम गिळल्या जातात आणि मग डोस वाढवूनही टीएसएच का उतरत नाही याचे कोडे पडते.

एवढे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही शास्त्रच सांगते. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि स्वतःची ग्रंथीही अगदीच निकामी झालेली नाही. पाच-सहा दिवस गोळी चुकली म्हणून आभाळ कोसळत नाही. महिनाभर चुकली तर मात्र काळजीचे आहे. डोस बदलल्यावर एरवी सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात; गरोदरपणात निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी. वेळेवर गोळी घेणाऱ्या बायकांची बाळे इतर बाळांसारखीच धडधाकट जन्मतात. पहिल्या तिमाहीतल्या मळमळीने, अपुऱ्या झोपेने आणि चहूबाजूंच्या सल्ल्यांनी भांबावलेल्या मुलीने एक गोळी बाजूला ठेवली, तर तिला फार बोलून उपयोग नाही. वर जे जास्त बोलले गेले ते मायेपोटी, असे धरावे.

सकाळी उलटी होत असेल तर वेळ बदलता येते; रात्री, जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते, फक्त डॉक्टरांना तसे सांगावे. उद्याच दवाखान्यात फोन करावा, गोळी बंद केल्याचे न लपवता सांगावे आणि नवा डोस लिहून घ्यावा. पुढचा रिपोर्ट आला की फोटो मावशीला पाठवावा, आकडा कसाही असला तरी.

तुझी,
मावशी