घरची पेल एल: पैसा कुठे लागतो, कुठे वाचतो

अमेरिकेत चांगल्या क्राफ्ट पेल एलच्या सहा बाटल्या दहा-बारा डॉलरला येतात. तीच बिअर धान्यापासून घरी केली तर बाटली साधारण एका डॉलरला पडते. मात्र हा झाला नुसत्या साहित्याचा हिशोब. भांडी आणि बर्नर त्यात धरले की पहिले आठ-दहा घाणे घरची बिअर दुकानातल्यापेक्षा महागच असते. तिथे राहून हा छंद सुरू करू पाहणाऱ्यांनी खरेदीआधी एवढं पक्कं लक्षात घ्यावं. खालच्या किमती अंदाजे आहेत. विक्रीकर आणि टपालखर्च वेगळा.

हिशोब पाच गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा धरू. त्यातून १२ औंसांच्या जवळपास ४८ बाटल्या भरतात. नमुन्याला कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या सिएरा नेवाडाने १९८० साली काढलेल्या पेल एलच्या वळणाची बिअर घेऊ. तिचा संत्र्या-मोसंबीच्या सालीसारखा वास कॅस्केड या हॉप्सच्या जातीचा आहे. नवशिक्याने याच जातीपासून सुरुवात करावी, कारण ती सगळीकडे मिळते आणि स्वस्तही आहे.

दहा पौंड साधं फिकट माल्ट आणि एक पौंड क्रिस्टल माल्ट यांचे वीस-बावीस डॉलर होतात. माल्ट दुकानातूनच भरडून घ्यावं, घरी गिरणी घेण्याची घाई नको. पाच औंस हॉप्स सुटे घेतले तर पंधरा डॉलर. यूएस-०५ या कोरड्या यीस्टची पुडी सहाच्या आसपास. बाटल्यांत घालायची साखर, बुचं आणि प्रोपेन मिळून सात-आठ. एकूण पन्नास.

यात सगळ्यात जास्त बचत हॉप्समध्ये होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच होतं. एक औंसाची पाकिटं तीन डॉलरला एक पडतात. पौंडाची हवाबंद पिशवी मात्र वीस डॉलरच्या आसपास मिळते, म्हणजे तीन घाण्यांची सोय निम्म्याहून कमी दरात होते. पिशवी घेताना पिकाचं वर्ष पाहावं. उघडल्यावर हवा काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावी. जुन्या चीजसारखा वास आला तर फेकून द्यावी. शिळ्या हॉप्सची बिअर कोणत्याही उपायाने सुधारत नाही.

हॉप्स कधी घालायचे, यावरही पैसे सार्थकी लागणं अवलंबून आहे. उकळीच्या सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, पण त्यांचा वास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून पाचपैकी एकच औंस तासभर उकळावा. एक शेवटची दहा मिनिटं उरल्यावर आणि एक आच बंद केल्यावर घालावा. उरलेले दोन औंस आंबण्याचा जोर ओसरला की थेट बादलीत टाकून तीन-चार दिवस ठेवावेत.

आता भांडी. धान्य कापडी पिशवीत घालून एकाच पातेल्यात मुरवण्याची पद्धत सगळ्यात कमी खर्चाची. २८ लिटर पाणी ७० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं आणि त्यात पिशवी सोडून माल्ट ढवळत ओतायचं. तापमान ६७ च्या आसपास स्थिरावतं. झाकण लावून, पातेलं जुन्या रजईत गुंडाळून तासभर ठेवलं की पांढरट पाणी स्वच्छ, सोनेरी आणि बोट चाटून पाहावं इतकं गोड झालेलं असतं. धान्य धरून हा सगळा ऐवज तीस लिटरच्या वर जातो. म्हणून आठ गॅलनचं पातेलं स्वस्त दिसलं तरी घेऊ नये, दहा गॅलनचंच घ्यावं. त्याचे शंभर डॉलर, प्रोपेन बर्नरचे सत्तर-ऐंशी, तांब्याच्या थंड करायच्या नळीचे सत्तर. पिशवी, आंबवायची बादली, बाटल्या भरायची बादली, सायफन, हायड्रोमीटर, थर्मामीटर, बूच लावायचं यंत्र आणि निर्जंतुक करायचं द्रावण यांचे मिळून दीडशेच्या आसपास. म्हणजे एकूण चारशे. बर्नर घरात कधीही पेटवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना माझा सल्ला अर्ध्या घाण्याचा आहे. पाच गॅलनचं पातेलं स्वयंपाकघरातल्या शेगडीवर बसतं, बर्नर लागत नाही, नळीऐवजी सिंकमधलं बर्फाचं पाणी चालतं आणि दोनशे डॉलरांत काम सुरू होतं. चोवीस बाटल्या सुरुवातीला पुष्कळ झाल्या.

जुन्या सामानाच्या जाहिराती जरूर पाहाव्यात. छंद सोडलेली माणसं निम्म्या किमतीत भांडी देऊन टाकतात. स्टील जुनं चालेल, प्लास्टिक नवंच घ्यावं. चरे पडलेल्या बादलीत जंतू घर करतात आणि पन्नास डॉलरांचं साहित्य आंबट होतं. बाटल्या विकत घेऊच नयेत. साध्या बुचाच्या तपकिरी बाटल्या जमवाव्यात. पिळून उघडायच्या टाळाव्यात, त्यांवर बूच नीट बसत नाही. तपकिरी रंग हवाच, कारण उन्हात हॉप्समधल्या कडू द्रव्यांना घाण वास सुटतो.

आंबताना तापमान १८ ते २० अंश हवं. त्यासाठी ओलं फडकं आणि पंखा पुरतो, वेगळा फ्रीज पहिल्या वर्षी नको. बाटल्या भरण्याआधी मात्र हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस हललेला नसावा. घाई केली तर बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाऊ शकते.

एवढ्यासाठी महागडं विजेचं यंत्र घ्यावं का? माझ्या मते दहा घाणे होईपर्यंत नाही.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, एकट्याला १०० गॅलन बिअर करमुक्त करता येते. ती विकायची नाही. मात्र सुट्टीत गावी जाताना हॉप्सची पिशवी बॅगेत टाकून भावाकडे हा प्रयोग करण्याचा बेत असेल, तर तो सोडावा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे.