अपेंडिक्सचे दुखणे आणि रक्ताचा रिपोर्ट

पोटदुखीचा रुग्ण हल्ली येतो तो बहुधा लॅबचा रिपोर्ट हातात घेऊनच. ‘डॉक्टर, रक्त नॉर्मल आहे, म्हणजे अपेंडिक्स नाही ना?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आज समजून घेऊ.

अपेंडिक्स म्हणजे आंत्रपुच्छ. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटाच्या उजव्या बाजूस खाली असलेली ही करंगळीसारखी बारीक नळी. तिचे एक टोक बंदच असते. मळाच्या खड्याने किंवा सुजेने दुसरे तोंडही बंद झाले की आत जंतू वाढतात, दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी होतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर अपेंडिक्स फुटून पू पोटात पसरतो आणि जिवावर बेतते.

जंतूंशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. मोठ्या माणसात त्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० असतात. अपेंडिक्सला सूज आली की बहुधा ही संख्या वाढते. दुसरी तपासणी ‘सीआरपी’ची. हे प्रथिन १९३० साली टिलेट व फ्रान्सिस या शास्त्रज्ञांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात शोधले. ते यकृतात तयार होते व शरीरात कोठेही दाह झाला की वाढते. मात्र वाढायला सहा ते बारा तास लागतात आणि कळस गाठायला सुमारे दोन दिवस. म्हणून दुखणे सुरू होताच काढलेले रक्त नॉर्मल येऊ शकते.

आता थोडे ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’विषयी. पांढऱ्या पेशी ऑक्सिजनपासून दाहक रसायने तयार करून जंतूंना मारतात. पण त्यांची झळ आपल्या पेशींनाही लागते. डब्यात फार दिवस राहिलेले शेंगदाणे खवट होतात, कारण त्यांतील तेल ऑक्सिजनमुळे बिघडते. पेशींच्या आवरणातील चरबीचेही तसेच होते आणि मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार होतो. अपेंडिक्सच्या रुग्णांत तो मोजून पाहण्याचे संशोधन झाले आहे. परंतु तो इतर आजारांत आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढतो. म्हणून अपेंडिक्सच्या निदानासाठी ही तपासणी नेहमीच्या वापरात नाही. आग लागली हे या खुणा सांगतात. कोणत्या घराला लागली हे सांगत नाहीत.

ते सांगतो रुग्ण, आणि त्याचे पोट. डॉ. अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ साली निदानासाठी १० गुणांची पद्धत मांडली. तिच्यात रक्ताला फक्त ३ गुण आहेत. बाकीचे ७ गुण दुखणे बेंबीपासून उजवीकडे खाली सरकणे, भूक मरणे, मळमळ, ताप आणि पोट दाबल्यावर व दाब सोडल्यावर होणारी वेदना यांना आहेत.

माझ्याकडे एका संध्याकाळी सतरा वर्षांचा मुलगा आला. पांढऱ्या पेशी ८,४००. ‘रिपोर्ट चांगला आहे, एखादी गोळी द्या, घरी नेतो,’ असे वडील म्हणत होते. परंतु पोटावरचा हात उचलताच पोरगा कळवळत होता. वडिलांची समजूत घालून मी त्याला त्याच रात्री सर्जनकडे पाठवले. पहाटे पेशी १५,००० वर गेल्या होत्या. सोनोग्राफी झाली, शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स टम्म सुजले होते, पण फुटले नव्हते.

वाचकांनी इतके लक्षात ठेवावे. पोटात सतत दुखत असेल तर जुलाब किंवा एरंडेल घेऊ नये, पोट चोळून घेऊ नये, शेकू नये. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊन वेळ काढू नये. डॉक्टरांनी तपासेपर्यंत काही खाऊ नये. लहान मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांच्यात लक्षणे वेगळी असू शकतात. तेथे अधिक सावध राहावे. खूप दुखणारे पोट अचानक थांबले तरी निर्धास्त होऊ नये, कारण अपेंडिक्स फुटल्यावरही काही वेळ बरे वाटते. आणि डॉक्टर ‘काही तासांनी पुन्हा तपासू’ म्हणाले, तर पहिला रिपोर्ट कितीही चांगला असला तरी थांबावे.