शेकरू

कर्जत-खालापूरकडून पूर्वेस पाहिले, की सह्याद्रीची काळी भिंत उभी दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून हा कातळ बनला. कर्जतच्या बाजूने खांडस गावाहून वर चढणारी वाट भीमाशंकरच्या अरण्यात जाते. तेथे भेकर, पिसोरी, साळिंदर व बिबळ्या यांचा वास आहे; परंतु त्या रानाचे खरे मानकरी शेकरू होय.

शेकरू ही खारच, पण केवढी! तिची शेपटी अंगाहूनही लांब असते. पाठ तांबूस, पोट फिकट. उंबर, जांभूळ, आंबा यांची फळे खाऊन ते झाडांवरच जगते. काटक्या व पाने गोळा करून ते बारीक फांद्यांवर गोल घरटे बांधते. जड शत्रूचा भार तेथे पेलत नाही. घरटे तरी एकच का? अशी अनेक घरटी ते बांधून ठेवते.

जमिनीवर शेकरू क्वचितच उतरते. झाडावरून झाडावर पंधरा-वीस फुटांची झेप हीच त्याची वाट. मधली झाडे तुटली, की माणसास सरपण मिळते. शेकरूचा मात्र रस्ता खुंटतो. १९८५ साली हे अरण्य अभयारण्य ठरले. शेकरू आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. माथेरानच्या दाट झाडीतही त्याचा कर्कश आवाज कानी पडतो. मान वर करून पाहावे, तो फांदी तेवढी हलत असते.