जाण्याआधी परतीचं बघा

पाहुणे आले की आम्हा विरारकरांचा एक बेत ठरलेला असतो, अर्नाळ्याचा किल्ला. स्टेशनबाहेर बस पकडायची, किनाऱ्यावर उतरायचं आणि होडीने पलीकडे. बेट अगदी समोर दिसतं, पाणी काही मिनिटांचंच. पण इथे वैतरणा समुद्राला मिळते. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला खाली चांगलीच ओढ असते.

एका मे महिन्यात सांगलीची मावसबहीण मुलाबाळांसह आली होती. अमावास्या जवळ आलेली. दुपारी भरतीच्या पाण्यात होडी सुखाने पलीकडे लागली. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला, दरवाजावरचे वाघ-हत्ती, आतलं अष्टकोनी तळं, सगळं निवांत पाहून झालं. साडेचारला परत किनाऱ्यावर आलो, तर पाणी बरंच मागे सरलेलं आणि होडी लांब उभी. चिखल तुडवत, गुडघाभर पाण्यातून तिच्यापर्यंत जायचं होतं. बहिणीची एक चप्पल चिखलानेच ठेवून घेतली.

होडी भरली, तेवढ्यात आणखी चौघं धावत आले. तांडेलाने हात आडवा केला, “पुढच्या खेपेला.” एकाने दुप्पट पैसे देऊ केले. आमचे मेव्हणेही म्हणाले, “घ्या हो, सरकून बसतो.” तांडेल ढिम्म. ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि पश्चिमेचा वारा त्याच्यावर उलटा येत होता. अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या उठतात. मध्यावर एक लाट आडवी आली. होडी कलली, पाणी आत आलं, मुलांनी रडून गोंधळ घातला. तांडेलाने शांतपणे नाळ लाटेकडे वळवली आणि आम्ही सावरलो. होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता. आणखी चौघं बसले असते तर ती वीतही उरली नसती.

आपल्याच जिल्ह्यात, डहाणूला, १३ जानेवारी २०१८ रोजी विद्यार्थ्यांची होडी उलटून तीन मुली गेल्या. होडीत गर्दी होती आणि मुलांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हाही जॅकेटचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

म्हणून जाणाऱ्यांना सांगते, निघण्याची वेळ कुणीही ठरवतं, तुम्ही परतीची ठरवा. कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे. तिथीचे पाऊण करा, भरतीची वेळ अदमासे मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पुनव-अवसेला सव्वाअकरा-बाराचा सुमार. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पुनव-अवसेला दुपारी मजेत गेलेला माणूस संध्याकाळी नेमका उधाणाच्या ओहोटीत सापडतो. त्या दिवशी सकाळीच जा आणि दुपारी पाणी असेतो परता. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत-उतरत नाही आणि संध्याकाळच्या परतीला भरती मिळते.

होडीत चढण्यापूर्वी लाईफ जॅकेट मागा, मुलांच्या मापाचं आहे का ते बघा, आणि बुडाखाली न घेता अंगावर बांधा. फोटोसाठी सगळे एका बाजूला झुकू नका. चपलांऐवजी पट्ट्याच्या सँडल घाला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. शेवटची खेप किती वाजता, हे जातानाच विचारा आणि त्याच्या आधीची पकडा. बेटावर अचानक कुणाची तब्येत बिघडली, तरी पुढचा दवाखाना होडीपलीकडेच आहे. ज्यांना नेहमीची औषधं लागतात, त्यांनी ती जवळ ठेवावीत. जून-जुलैत मासेमारीच बंद असते. तेव्हा सहलीचा हट्ट धरू नये.

संकट आलंच तर ११२, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

आणि तांडेल ‘नाही’ म्हणाला, तर घासाघीस करू नका. भाडं बुडवून तो नाही म्हणतोय, यातच सगळं आलं.