काक्षीवर पहारा



पहाऱ्यावरून परतलेल्या जवानाने जे दिसले तेच सांगायचे असते. जे दिसायला हवे होते ते नाही. आकाशावर पहारा करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला बेंगळुरूत पहाटे पूर्वेकडे त्सुचिनशान–ॲटलस हा धूमकेतू दिसला. आजी ज्याला शेंडेनक्षत्र म्हणते, तोच हा पाहुणा. त्याचा शोध मात्र २०२३ च्या सुरुवातीलाच लागला होता. मग तो कधी दिसेल हे आधी कसे कळले? धूमकेतू स्थिर ताऱ्यांमधून रोज थोडा सरकतो. निदान तीन वेगवेगळ्या वेळी त्याची जागा नेमकी मोजली, की कक्षेचे गणित मांडता येते. मोजमापे वाढतात तसे गणित पक्के होते. एक जरी नोंद अंदाजाने भरली, तरी ते चुकते.

आपल्या बेळ्ळंदूरपासून जवळच, कोरमंगला येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. तिचे संस्थापक-संचालक वेणू बाप्पू लहानपणापासून ताऱ्यांचे वेध घेत. रूपविकारी ताऱ्यांवर, म्हणजे ज्यांचे तेज कमी-जास्त होते अशा ताऱ्यांवर, त्यांनी विद्यार्थिदशेतच काम केले. पुढे ते हार्वर्डला गेले. २ जुलै १९४९ रोजी तिथे घेतलेल्या छायाचित्रात त्यांना एक नवा धूमकेतू सापडला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तो धूमकेतू बाप्पू–बोक–न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. तमिळनाडूतील कावलूर येथे त्यांनी वेधशाळा उभारली. तिथल्या २.३४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला १९८६ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले.

आपल्याकडे मोठी दुर्बीण नाही आणि बेळ्ळंदूरचे आकाश दिव्यांनी उजळलेले असते. तरीही एक काम आपण नुसत्या डोळ्यांनी करू शकतो. मृग नक्षत्रातील तांबूस तारा काक्षी हा रूपविकारी आहे. ताऱ्याचे तेज ‘प्रत’ या मापाने सांगतात. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. काक्षीची प्रत साधारण ०.५ असते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ च्या आसपास गेली, म्हणजे तेज नेहमीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आले. ताऱ्यातून बाहेर पडलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती. पुस्तकातला ०.५ हा आकडा वहीत उतरवणाऱ्याला यातले काहीच कळले नसते.

वेध असा घ्या:

१. फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास काक्षी, प्रश्वा (प्रत ०.४) आणि रोहिणी (प्रत ०.९) हे तिन्ही तारे उंचावर असतात. दिव्यांपासून दूर उभे राहा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.

२. प्रश्वा आणि रोहिणी यांच्या तेजात पाच पायऱ्यांचे अंतर समजा. काक्षी प्रश्वापेक्षा दोन पायऱ्या मंद वाटला, तर त्याची प्रत ०.६. रोहिणीपेक्षाही मंद वाटला, तर तसे लिहा.

३. टक लावून पाहू नका. तांबडा तारा एकटक पाहिल्यास जास्त तेजस्वी भासतो.

४. तारीख, वेळ, प्रत आणि ढग होते का, हे जागेवरच लिहा.

५. मागची नोंद आधी पाहू नका. शेजाऱ्याच्या वहीतही डोकावू नका. पहिल्याने ०.५ म्हटले म्हणून दहाही जणांनी ०.५ लिहिले, तर त्या दहा नोंदींची किंमत एकीएवढीच. ढगांमुळे तारा दिसला नाही, तर ‘दिसला नाही’ हीसुद्धा खरी नोंद आहे.

जगभरातल्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी अमेरिकेतील एक संस्था १९११ पासून जमवत आहे. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्थाही हौशी निरीक्षकांचीच आहे. पालकांनो, सुट्टीत मुलांसोबत तुम्हीही गच्चीवर या. दोन वह्या मात्र वेगळ्या ठेवा.

स्वाध्याय: आठवड्यातून दोनदा, असे सहा आठवडे काक्षीची प्रत नोंदवा आणि आलेख काढा. आलेखाची रेघ वाकडीतिकडी आली तरी खोडरबर वापरू नका.